आयमॅपवरचे टपालही जाते: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार. पॉप३ आणि आयमॅप या सर्व्हरवरचे, म्हणजे टपाल साठवणाऱ्या दूरच्या संगणकावरचे, ई-मेल आपल्या यंत्रावर वाचण्याच्या दोन पद्धती आहेत. त्यांपैकी पॉप३ कालबाह्य झाले असताना माझ्या लेखात मी ते सुचवून वाचकांची दिशाभूल केली आणि आयमॅपमध्ये सर्व टपाल सर्व्हरवर असल्याने ते गहाळ होऊच शकत नाही, असे आपण निपाणीहून लिहिले आहे. पहिला आक्षेप मला बराचसा मान्य आहे. दुसरे विधान मात्र मान्य नाही, कारण त्यावर विसंबणाऱ्यांचे नुकसान मी पाहिले आहे.

पॉप३ला एकच टपालपेटी ठाऊक असते; तिथे फोल्डर नाहीत आणि कोणते पत्र वाचले याची नोंदही नाही. १९९६ च्या नियमांनुसार पत्र पुसण्याची आज्ञा दिली तरी त्यावर फक्त खूण होते, आणि शेवटी ‘क्विट’ म्हणून निरोप घेतल्यावरच ते सर्व्हरवरून जाते. खानापूरकडे पावसाळ्यात जोडणी मध्येच तुटली की क्विट पोहोचत नाही, खुणा रद्द होतात आणि प्रोग्रॅमने आधीच्या पत्रांचे ओळखक्रमांक जपले नसतील तर तीच पत्रे पुन्हा उतरतात. मला हा दोष वाटत नाही. पत्र दोनदा आलेले चालते, हरवलेले चालत नाही.

आयमॅपची आखणी अमेरिकी संगणकतज्ज्ञ मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये केली. मूळ प्रत सर्व्हरवर असते, आपल्या संगणकावर आणि फोनवर तिचेच रूप दिसते. म्हणूनच जमिनीच्या उताऱ्यांची जड जोडपत्रे न उतरवता आधी मजकूर वाचता येतो. पण याच रचनेमुळे एका ठिकाणी पुसलेले सगळीकडे पुसले जाते. बेळगावातल्या ज्या पतसंस्थेचे संगणक मी पाहतो, तिथल्या कारकुनाने फोन भरला म्हणून दोन वर्षांची पत्रे काढून टाकली, आणि सकाळी कार्यालयातला संगणक सुरू झाल्यावर तिथूनही ती नाहीशी झाली. सर्व्हरने सांगितलेले काम अचूक केले होते. वेगळी प्रत कोणी ठेवलीच नव्हती.

रोजच्या वापरासाठी आयमॅपच घ्यावे, ९९३ या सुरक्षित पोर्टवरून, म्हणजे सर्व्हरशी जोडणीच्या ठरावीक क्रमांकावरून. पॉप३ मी सुचवले ते एका स्वतंत्र संगणकावर दुसरी प्रत उतरवून ठेवण्यासाठी, आणि तेही ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय निवडून. तो न निवडल्यास अनेक प्रोग्रॅम पत्र उतरवताच सर्व्हरवरून काढतात. लेखात हा पर्याय मी स्पष्ट सांगितला नव्हता, ती चूक माझी आहे, आणि आज तेवढा मजकूर दुरुस्त केला आहे.