हवामान खात्याची खिल्ली शास्त्रशुद्ध पद्धतीने कशी उडवावी

एप्रिलमध्ये हवामान खातं मान्सूनचा पहिला अंदाज देतं आणि त्याच संध्याकाळी आपल्या घरच्या ग्रुपवर "म्हणजे यंदा दुष्काळ पक्का" असा मेसेज पडतो, खाली सतरा हसरे चेहरे. मेसेज झकास आहे, पण आता तेवढ्यावर भागत नाही. ग्रुपवर एखादी बीएस्सी झालेली भाची असतेच, ती मध्येच मॉडेल, सिम्युलेशन, प्रॉबॅबिलिटी असलं काहीतरी काढते आणि सगळ्या मजेवर पाणी पडतं (हे पाणी मात्र अंदाजाप्रमाणे पडतं). तर अशा वेळी तोंडघशी पडू नये म्हणून माझ्या वीस वर्षांच्या अनुभवातून चार युक्त्या सांगतो, मी स्वतः वापरतो सगळ्या.

पहिलं म्हणजे अंदाजाच्या शेपटीला जे "अधिक-उणे" लटकलेलं असतं ना, ते छाटून टाका. २०२४ च्या एप्रिलमध्ये खात्याने सांगितलं की जून ते सप्टेंबर देशात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस होईल, मॉडेलची चूक अधिक-उणे ५ टक्के. पडला १०८ टक्के. आता भाची म्हणेल की १०१ ते १११ मध्ये बसलं की बरोबर. तिला म्हणावं, १०६ म्हणजे १०६, दूधवाल्याने एक लिटर सांगून अधिक-उणे ५ टक्के दूध घातलं तर चालेल का गं तुला? ती गप्प बसेल. दूधवाला दूध आत्ता मोजतोय आणि खातं सप्टेंबरपर्यंतच्या पावसाचं एप्रिलमध्ये सांगतंय हा फरक तिच्या लक्षात येईपर्यंत तुम्ही दुसऱ्या विषयावर गेलेले असाल.

एवढ्याने भागलं नाही तर मग "आमच्याकडे कुठे पडला?" हे काढा. यासारखं हत्यार नाही. ती जी सरासरी असते, साधारण ८७ सेंटीमीटर, ती अख्ख्या देशाची असते, म्हणजे त्यात चेरापुंजी पण आलं आणि जैसलमेर पण आलं, पण तुम्ही ती बिनधास्त आपल्या बाल्कनीला लावायची. बाल्कनीतली कुंडी कोरडी तर देशाचा अंदाज चुकला. माझा एक मित्र तर कोथरूडच्या गॅलरीत बसून मराठवाड्याचा अंदाज खोटा पाडतो, त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आता जरा इतिहास माहीत असलेला बरा, कारण इतिहास काढला की समोरचा दबतो. २००२ हे साल पाठ करा. त्या वर्षी खात्याने सांगितला होता १०१ टक्के आणि पडला ८१, नुसत्या जुलैमध्ये तर निम्मासुद्धा नाही पडला. तेव्हा वापरात होतं ते १६ घटकांचं मॉडेल, शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८ पासून सुरू झालेलं, म्हणजे कुठला समुद्र किती गरम, कुठे हवेचा दाब किती, हिमालयात बर्फ किती अशा १६ गोष्टी बघून पावसाचा आकडा काढायचा. चौदा वर्षं त्याचं कौतुक झालं आणि पंधराव्या वर्षी आपटलं. बस, एवढंच सांगा आणि थांबा.

थांबा असं मुद्दाम म्हणतोय कारण पुढे खरा अवघड प्रश्न आहे. १९८८ ते २००१ या काळात देशपातळीवर मोठा दुष्काळ पडलाच नाही. आमचे एक काका आहेत, ते दरवर्षी अक्षय्य तृतीयेला आमरस ओरपता ओरपता "यंदा पाऊस बरा होणार" म्हणतात, कसलंही मॉडेल नाही, फक्त आमरस. त्या चौदा वर्षांत काकाही चौदाच्या चौदा वेळा बरोबर आले असते की! म्हणजे मॉडेल किती वेळा बरोबर आलं हा प्रश्नच नाहीये, काकांपेक्षा बरोबर आलं का हा आहे, आणि ते फक्त काका चुकतात त्या वर्षी कळतं. हवामानवाले स्वतः हा हिशोब मांडतात, प्रत्येक मॉडेलला "नुसती सरासरी सांगितली असती तर काय झालं असतं" याच्याशी झुंजवतात. आपण असलं काही विचारायचं नाही. कारण मग पंचाईत अशी की हाच प्रश्न लोक आपल्यालाही विचारतील, आणि आपण दरवर्षी "खातं चुकणार" म्हणतो, म्हणजे आपणही काकाच.

याच संदर्भात हत्तीची गोष्ट. फ्रीमन डायसन नावाचा तरुण शास्त्रज्ञ १९५३ मध्ये आपली आकडेमोड घेऊन नामवंत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीकडे गेला, आकडे प्रयोगाशी छान जुळत होते म्हणून खुशीत होता. फर्मीने विचारलं, मनाला येतील असे किती आकडे घातलेस? चार, म्हणाला. त्यावर फर्मीने आपल्या मित्राचं, गणिती जॉन फॉन नॉयमनचं म्हणणं ऐकवलं, की चार आकडे दिले तर मी हत्ती काढून दाखवतो आणि पाचवा दिला तर त्याची सोंड हलवतो. म्हणजे घटक वाढवत गेलं की मागचं सगळं जुळतं, पुढचं जुळेलच असं नाही. सोळा आकड्यांत किती हत्ती येतील तुम्हीच बघा, अंबारीसकट. पण सांभाळून, पंचांगातही नक्षत्राचं वाहन हत्ती असलं की भरपूर पाऊस असतो, तर ग्रुपवर हत्तीचा विषय काढलात की कोणीतरी "बघा, सायन्सवाले पण शेवटी तिथेच आले" म्हणणार आणि तुमच्याच मुद्द्याचा चोथा होणार.

पंचांगावरून आठवलं. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते ती तुम्हाला माहीत असेलच. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट करून भोवती धान्यं मांडतात, मधे मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यावर पाण्याची घागर, पापड, कुरडई, करंजी, विडा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं धान्य सरकलं, कुठलं ढेकूळ किती भिजलं ते बघून पाऊस, पिकं, राज्यकारभार सगळ्याचं भाकीत. आता निवांत विचार केलात तर हेही मॉडेलच आहे हो. मोठी गोष्ट छोटी करून मांडली, रात्रभर चालवली, सकाळी निकाल वाचला, सिम्युलेशन दुसरं काय असतं? फरक एकच की इथे कोणी अधिक-उणे सांगत नाही आणि पुढच्या वर्षी मागच्या वर्षीचा हिशोब कोणी मागत नाही. आणि म्हणूनच मी म्हणतो हे मॉडेल आदर्श आहे. २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसात तक्रार दिली होती. त्यांचा राग खरा होता, बियाणं मातीत गेलं होतं त्यांचं, आपली तर फक्त छत्री घरी राहते. पण पंचांगातल्या बेडकाविरुद्ध कोणी तक्रार दिल्याचं ऐकलंय का कधी? जो आपली चूक मोजून आधीच सांगतो त्याच्यावर तक्रार, जो सांगतच नाही त्याला दक्षिणा. नियम सोपा आहे, पाळा.

या बाबतीत लुईस फ्राय रिचर्डसन हा माणूस कसं वागू नये याचा उत्तम नमुना. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायचा आणि मधल्या वेळात हवेची गणितं हाताने सोडवायचा. २० मे १९१० या एकाच दिवसाचा, सहा तासांचा अंदाज त्याने काढला, तोही तो दिवस होऊन गेल्यावर काही वर्षांनी. उत्तर आलं की दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढणार. प्रत्यक्षात जवळजवळ हललाच नव्हता. १४५ म्हणजे किती, तर आजवर मोजलेल्या सगळ्यात भीषण चक्रीवादळाच्या पोटात दाब साधारण तेवढा उतरतो. शहाण्या माणसाने कागद चुलीत घातले असते, याने काय करावं, १९२२ च्या आपल्या पुस्तकात ते सगळं छापलं, पायरीपायरीने! मग व्हायचं तेच झालं, पुढच्या लोकांनी त्याच पायऱ्या चढून नेमकी खोट शोधली, की सुरुवातीच्या वाऱ्याच्या आकड्यांत गडबड होती आणि ती आधी नीट सारखी करून घेतली तर त्याचीच पद्धत शहाण्यासारखं उत्तर देते. आज जगभरच्या सुपरकॉम्प्युटरवर चालतं ते त्याच जातीचं गणित आहे. तुम्ही मात्र १४५ वर थांबा, पुढची गोष्ट सांगण्यात काही मजा नाही.

हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झही तसलाच. १९६१ मध्ये कॉम्प्युटरवर हवेचं मॉडेल चालवत होता, एक भाग परत चालवायचा म्हणून छापील कागदावरचा आकडा टाकला ०.५०६, मशीनच्या पोटात होता ०.५०६१२७. एवढ्याशा फरकाने थोड्या वेळाने दोन्ही हवामानं एकमेकांना ओळखेनात. आपण असतो तर मशीन बिघडलं म्हणून मेकॅनिकला फोन केला असता (लोरेन्झलाही आधी तेच वाटलं होतं म्हणे), पण त्याने त्यातून शोध लावला. इथे फुलपाखराने पंख हलवले तर तिकडे दूर वादळ उठेल, असं फुलपाखरू फुलपाखरू म्हणून जे फिरतं ते हेच. या फुलपाखराचा उपयोग दुहेरी आहे. अंदाज चुकला की "फुलपाखराचं आधी बघा", आणि अंदाज बरोबर आला की "नशीब, फुलपाखरू झोपलं होतं". त्याच फुलपाखरामुळे आता एकच अंदाज न काढता सुरुवात जराजरा बदलून पन्नासेक वेळा मॉडेल चालवतात आणि त्यातल्या किती वेळा पाऊस आला त्यावरून ७० टक्के शक्यता वगैरे सांगतात, हे कळून न कळल्यासारखं करायचं. ७० टक्के म्हणजे ७० टक्के भिजणार, अंगाचा वरचा भाग, असं माझ्या आत्याला वाटतं आणि मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

आता थोडा धोक्याचा भाग, २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. ग्रुपवर हे आकडे टाकू नका, कारण त्यावरून कोणीतरी विचार करायला लागेल की वीसेक किलोमीटरवर एवढा फरक पडत असेल तर मॉडेलने करायचं काय. मॉडेलला हवा दिसते चौकोनांत, मोठमोठ्या फरशा घातल्यासारखी, एका चौकोनाला एकच तापमान, एकच वारा. ढग फरशीपेक्षा लहान असला की तो दिसतच नाही, मग त्याचा परिणाम अदमासाने भरावा लागतो, आजीने मुठीने मीठ घातल्यासारखा. २०२५ मध्ये आपल्याकडे ६ किलोमीटरच्या फरशीचं मॉडेल वापरात आलं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं. तरी फरशीपेक्षा लहान ढग उरतातच. हे सगळं समजलं की राग कमी होतो, आणि राग कमी झाला तर मीम कोण बनवणार?

त्यापेक्षा निसर्ग चक्रीवादळ काढा. ३ जून २०२० ला मुंबईकर खिडकीत मोबाईल लावून बसले होते आणि दुपारनंतर "एवढंच?" म्हणून उठले. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं होतं, श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या आणि घरांचे पत्रे उडालेले, पण तिथून मीम येणार कसे, लाईट नव्हते ना. ज्या अंदाजामुळे माणसं आधी हलवली जातात तो अंदाज नंतर हमखास फुसका दिसतो, हा नियम लक्षात ठेवा. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात माणसं गेली ती दहा हजारांच्या घरात. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवले होते आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. म्हणजे बघा, उगाच घाबरवलं.

आणि सगळ्यात शेवटी ठेवणीतला बाण, "उद्याचं सांगता येत नाही आणि २१०० चं सांगतात". हा कधीच वाया जात नाही. भाची म्हणेल, मामा, पुढच्या मंगळवारी भाजीत मीठ जास्त पडेल का ते सांगता येत नाही पण मीठ दुप्पट घातलं तर वर्षभर भाजी खारट होईल हे सांगता येतंच की. ती हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मनाबेचं नाव काढेल, त्याने १९६७ मध्ये वेदराल्ड नावाच्या सहकाऱ्याबरोबर अगदी साध्या मॉडेलवर काढलं होतं की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जमिनीलगत दोन-अडीच अंश गरम होईल आणि खूप वर, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, उलट थंड होईल. खाली गरम आणि वर थंड, असं विचित्र भाकीत, आणि मोजल्यावर तसंच निघालं, २०२१ ला नोबेल मिळालं. अशा वेळी वाद घालू नका, सरळ "आमच्या वेळी पण ऊन होतं" म्हणा आणि गुड मॉर्निंगचा फोटो टाका.

हे लिहीत होतो तेव्हा आईने विचारलं, कुरडया गच्चीवर घालू का रे? अंदाज होता वळिवाचा, ४० टक्के. मी म्हटलं घाल, खातं म्हणतंय ना, म्हणजे नाही पडत. नाही पडला, खातं चुकलं, ग्रुपवर फोटो टाकला वाळलेल्या कुरडयांचा, सतरा हसरे चेहरे आले. गेल्या वर्षी असंच सांगितलं होतं तेव्हा मात्र सगळ्या भिजल्या होत्या, पण ती चूक आईची, तिने वेळेवर उचलायला हव्या होत्या.