नामदेवांना राग आला, ते बरंच झालं

अहंकारावरच्या एका लेखातलं 'अहंकार आधी पूर्ण मारा, मगच साधना सुरू होते' हे वाक्य पटलं नाही. आपल्याकडची परंपरेतली प्रसिद्ध कथा उलटंच सांगते. तेरढोकीला संत जमलेले. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाका (संत गोरा कुंभार) मडकी घडवायचं थापटणं घेऊन, मडकं पक्कं की कच्चं पाहावं तसं, एकेकाचं डोकं ठोकून पाहतात. बाकीचे गप्प बसतात, नामदेव मात्र चिडतात. निकाल लागतो: मडकं कच्चं!

आता गंमत बघा. नामदेवांचा अहंकार पैशाचा वा विद्येचा नव्हता, तो भक्तीचाच होता. विठ्ठल माझ्याशी बोलतो, माझ्या हातचा नैवेद्य खातो, मग मी कच्चा कसा? हा सगळ्यात चिवट प्रकार, कारण तो सद्गुणाच्या वेषात येतो. (हल्ली दहा दिवसांचं शिबिर करून आलेले 'माझा अहंकार गेला' असं चारचौघांत सांगतात, तेही याच जातीतले.)

पण तो 'मी' दुखावला म्हणूनच ते तक्रार घेऊन पंढरपुरात विठ्ठलाकडे धावले आणि तिथून औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले, तेच त्यांचे गुरू झाले. काहीच न बोचलेला माणूस कशाला उठेल? पुढे हेच नामदेव पंजाबपर्यंत पोचले. तिथल्या घुमान गावी त्यांचं स्थान आहे आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत.

म्हणून त्या लेखाच्या लेखकांना विचारावंसं वाटतं, अहंकार आधीच मेलेला असता तर त्या थापटण्याचा आवाज आला असता का?