‘इंग्रजी औषध म्हणजे विष’: त्या मेसेजला फार्मसीच्या काउंटरमागून उत्तर

गेले तीन आठवडे एक मेसेज वाड्याच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आणि माझ्या माहेरच्या ग्रुपवर फिरतोय. ‘इंग्रजी औषध म्हणजे हळूहळू भिनणारं विष’ हे त्याचं शीर्षक. खाली पाच मुद्दे: तापाला पॅरासिटामॉल घेऊ नका, लिव्हर जळतं, प्रेशरची गोळी एकदा धरली की जन्मात सुटत नाही, तेव्हा धरूच नका, अँटिबायोटिक बरं वाटताच टाकून द्या, झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो, आणि हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे. गोव्यात डिचोलीला फार्मसीच्या काउंटरमागे मी एकोणीस वर्षं उभी आहे. असे मेसेज वाचून सोडून देते. पण परवा ओळखीच्या एक काकी फोन पुढे करून म्हणाल्या, “हे वाचलंस गो बाय? मी आठ दिवस प्रेशरची गोळी बंद केली.” म्हणून हे लिहायला बसले.

पॅरासिटामॉलचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच तो पटतो. ही गोळी मर्यादेबाहेर घेतली तर यकृत निकामी होऊ शकतं. शरीरात ती मोडताना तिचा थोडा भाग विषारी होतो. यकृतातलं ग्लुटाथायोन नावाचं रक्षक द्रव्य तो निपटून काढतं. गोळ्या वाढल्या की ग्लुटाथायोन संपतं आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे ३.९ ग्रॅम, म्हणजे काठावरच आलो. अंगाने बारीक माणूस, यकृताचा आजार, रोजची दारू, यांत ती मर्यादा आणखी खाली येते. घोळ कुठे होतो तर घरातल्या डब्यात. तापाची एक, सर्दीची एक, अंगदुखीची एक अशा तीन गोळ्या घेतल्या जातात आणि बऱ्याचदा तिन्हींत पॅरासिटामॉल असतं. वर ‘सर्दीला बरी’ म्हणून फेणीचा घोट. जास्त गोळ्या पोटात गेल्या तर पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते, माणूस बरा दिसतो. तरीही थांबायचं नाही, तडक गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, गाठायचं, कारण ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सगळ्यात चांगला लागू पडतो.

पण मेसेज म्हणतो, घेऊच नका. मग काय होतं ते मी ऑगस्टात पाहिलं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, तीन दिवसांचा ताप, डोळ्यांच्या मागे ठणका. म्हणाला, “पॅरासिटामॉल नको, दुसरी कुठलीतरी स्ट्राँग द्या.” आपल्याकडे पावसाळ्यात असा ताप आला की डेंग्यूची शंका आधी घ्यायची. डेंग्यूत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या दुखण्याच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे चालतं ते पॅरासिटामॉलच, तेही मापात. मी त्याला गोळी दिली नाही, रक्त तपासायला आरोग्य केंद्रात पाठवलं. चिडून गेला. चालेल मला.

प्रेशरची गोळी ‘सुटत नाही’ याचा अर्थ ती सवय लावते असा नाही. गोळी आहे तोवर प्रेशर आटोक्यात असतं, आजार मात्र जागेवरच असतो. मातीच्या भिंतीला पावसाळ्याआधी चुडतांची झड, म्हणजे माडाच्या झावळ्यांचा आडोसा, बांधतात. भिंत कोरडी आहे म्हणून भर आषाढात ती कोणी सोडवत नाही. काहींचं वजन उतरतं, खारं-लोणचं कमी होतं आणि डॉक्टर गोळी कमी करतात, क्वचित थांबवतातही. पण ते मोजून, हळूहळू. मेटोप्रोलोल, प्रोप्रॅनोलोल यांसारख्या गोळ्या हृदयरोग्याने एकदम सोडल्या तर छातीत कळ येऊ शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. आणि वाढलेलं प्रेशर बऱ्याचदा काहीच जाणवू देत नाही. ‘मला तर बरंच वाटतंय’ यावर भरवसा ठेवता येत नाही तो यासाठी.

खरोखर न सुटणारी औषधं आहेतच. झोपेची अल्प्राझोलाम, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध. मेसेजमध्ये त्यांचं नावही नाही. झोपेची म्हणून सुरू केलेली अल्प्राझोलाम काही आठवड्यांत अंगवळणी पडते. मग एकदम सोडली तर हात थरथरतात, झोप उडते, फिटही येऊ शकते. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या कडक सरकारी यादीत आहेत. १ मार्च २०१४ पासून त्यांच्यासाठी आम्हाला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: डॉक्टर कोण, रुग्ण कोण, किती गोळ्या दिल्या. ते तीन वर्षं जपायचं. “ओळखीची असून चिठ्ठी मागतेस?” असं ज्यांनी मला ऐकवलं, त्यांतल्या दोघांना मी पुढे त्या गोळीपायी हवालदिल झालेलं पाहिलंय. रजिस्टर काढताना अजून ते दोघे डोळ्यांसमोर येतात.

अँटिबायोटिक बरं वाटताच टाकून द्या, हा तिसरा मुद्दा. पेनिसिलिन १९२८ मध्ये सापडलं ते अलेक्झांडर फ्लेमिंग यांना. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा धरतो, तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला न्यूमोनिया देतात आणि तिला पेनिसिलिन लागू पडत नाही. ती जाते. ऐंशी वर्षं होऊन गेली, तरी माझ्या काउंटरवर ‘मागच्या वेळच्या चार उरल्यात, आणखी दोन द्या, पोराला ताप आहे’ असं मागणारे येतात. पोराचा ताप बहुधा विषाणूचा, ज्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. किती दिवस घ्यायचं हे आजारावर ठरतं. काही आजारांत डॉक्टर आता पूर्वीपेक्षा कमी दिवस देतात, ते खरं आहे. टीबीत मात्र नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिल्या दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते आणि नेमकी तेव्हाच माणसं गोळ्या सोडतात. उलटून आलेला टीबी औषधांना दाद देईलच असं नाही. स्ट्रिपवरची उभी लाल रेघ बघा. ती असलेलं औषध चिठ्ठीशिवाय मागू नका.

‘झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो.’ कण्हेर झाडच आहे, आणि ती हृदय बंद पाडू शकते. अफू झाडाचीच. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ मध्ये इथे गोव्यात छापलेल्या औषधींच्या ग्रंथात अफूवर वेगळं प्रकरण लिहिलं आहे. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रुग्णांवरच्या नोंदींसह जगापुढे मांडलं. तिच्यातल्याच रिसर्पिनने काही रुग्णांना खोल नैराश्य येतं हेही पुढे दिसलं. गुण असेल तर अवगुणही असणार, पाल्याचं असो की कारखान्याचं. मला वैद्यांची भीती नाही, निनावी पुड्यांची आहे. सांधेदुखीवर ‘दोन दिवसांत आराम’ देणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा गोल सुजतो, साखर चढते, आणि पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळूही शकतो.

कंपन्यांच्या मुद्द्यावर मी कुणाची बाजू घेणार नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले. २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने लहान मुलं दगावली. राग यायलाच हवा. तो राग बॅच नंबर तपासण्यात, बिल मागण्यात, शंका आली तर अन्न आणि औषध प्रशासनाकडे तक्रार करण्यात खर्ची पडू दे. आणि चार वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं औषध आपल्या मनाने देऊ नका.

आता मेसेजने गाळलेली गोष्ट. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मलमाच्या ट्यूबने. घामाचे दिवस सुरू झाले की गजकर्ण, म्हणजे कातडीवरची बुरशी, येतं, मांडीच्या सांध्यात, कमरेला. या मे महिन्यात एक गृहस्थ आले, हातात शेपटापासून गुंडाळत आणलेली रिकामी ट्यूब. “हीच द्या, दोन दिवसांत खाज थांबते.” त्यात क्लोबेटासोल, म्हणजे जबर स्टिरॉइड. खाज थांबते, कारण कातडीची लढायची ताकदच दबते. बुरशी आतून पसरत राहते. वर्षभरात ही त्यांची पाचवी. बायकोनेही लावली, मुलानेही. त्यांनी लाजत पँटचा पाय गुडघ्याच्या वर सरकवला, तर मांडीची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, तिच्यावर लाल रेघा. बुरशी जाईल, त्या रेघा जाणार नाहीत. २०१८ पासून अशी मलमं शेड्यूल एचमध्ये, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी त्यांना ती पाच वेळा मिळाली. काउंटरमागच्या आम्हा लोकांचा दोष आहे हा, तो मी झाकणार नाही. त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिघांनाही कित्येक आठवड्यांची गोळी लागली.

काकींचं प्रेशर त्या दिवशी आरोग्य केंद्रात १७८ वर १०४ भरलं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू केली, पंधरा दिवसांनी बोलावलं. परतताना त्या दुकानाच्या पायरीवर जरा टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “तू हे सगळं लिहून दे मला, मोठ्या अक्षरात.” त्यांची एक बहीण साखळीत, एक वाळपईत. दोघीही प्रेशरची गोळी घेतात, आणि तो मेसेज काकींनीच दोघींना पाठवला होता.