‘ना’ काढून टाकलेलं वाक्य

माझा लेक पाचवीत आहे. त्याला ‘र’ म्हणता येत नाही, त्याचा ‘ल’ होतो. गेल्या वर्षी शाळेच्या व्हॅनमध्ये सातवीतली तीन मुलं त्याला बोबड्या म्हणायची, डबा काढून घ्यायची आणि ‘रविवार म्हण, मग देतो’ असं सांगायची. आम्हाला हे कळायला दोन महिने लागले. तेही डबा रोज चाटूनपुसून येतोय आणि पोरगं मात्र भुकेनं कासावीस होऊन दारातून आत शिरतंय, हे सासूबाईंच्या लक्षात आलं म्हणून.

घरात लगेच दोन सल्ले निघाले. लक्ष देऊ नकोस, आपोआप थांबतील. नाहीतर, ठेवून दे एक कानाखाली. दुर्लक्ष तर त्यानं दोन महिने केलंच होतं. आणि ती तिघं त्याच्यापेक्षा वीतभर उंच. शाळेतल्या छळाचा अभ्यास १९७०च्या दशकापासून केलेले नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी अशा छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं आणि दोन्हीकडची ताकद असमान असलेलं. आपण ही तिसरी खूण विसरतो आणि ‘मुलांची भांडणं’ म्हणून सोडून देतो.

मी त्याला विचारलं, तू काय म्हणतोस त्यांना?

‘दादा, दे ना डबा. प्लीज ना.’

त्या ‘ना’पाशी मी अडकले. किती गोड शब्द आहे हा आपला! लाडात, आर्जवात, हट्टात त्याच्यावाचून पान हलत नाही. पण छळणाऱ्यासमोर तो सगळा निर्णय त्याच्याच हाती देऊन टाकतो. ‘थांब ना’ म्हटलं की थांबायचं की नाही ते त्यानं ठरवायचं. नुसतं ‘थांब’ म्हटलं की रेघ आपण ओढलेली असते. मी स्वतःचं बोलणं आठवून पाहिलं. ऑफिसात, नातेवाइकांत, नको असलेल्या प्रत्येक गोष्टीला मी ‘नको ना’ म्हणत आले होते. तो हे माझ्याकडूनच शिकला होता.

मग रोज रात्री जेवणानंतर सराव. मी सातवीतला दादा व्हायचे. वाक्य ठरलं: ‘दादा, तो डबा माझा आहे. दे.’ त्यात मुद्दाम एकही ‘र’ ठेवला नाही. ‘दादा’ मात्र राहू दिलं, कारण मोठ्याला मान देणं म्हणजे दबणं नव्हे. शिवी नाही, ओरडणं नाही. ‘तू वाईट आहेस’ हेही नाही, कारण त्यावर वाद घालता येतो. ते हसले तर तेच वाक्य पुन्हा, तसंच. सुरुवातीला त्याचा आवाज शेवटच्या ‘दे’पाशी विरून जायचा. तो ‘दे’ ऐकू यायला आठ दिवस लागले.

दुसरं वाक्य जास्त जड होतं. ‘हो, मला र म्हणता येत नाही. डबा दे.’ हे पहिल्यांदा म्हणताना तो रडला, मीही रडले. पण व्हॅनमध्ये कामी आलं ते हेच. ज्यावर चिडवायचं तेच त्यानं शांतपणे कबूल केल्यावर दोघांची मजा संपली. डबा परत मिळायला लागला.

तिसऱ्यानं मात्र त्याचा हात पिरगळला. तिथे वाक्याचं काम संपतं, आणि हे मला ठासून सांगायचंय. ठाम बोलायला शिकवलं म्हणजे मुलाला एकट्यानं लढायला सोडलं असं होता कामा नये. आम्ही त्याच दिवशी तारखांसकट लेखी तक्रार दिली. ‘मुलं आहेत, गंमत करतात’ असं उत्तर आलं. मी म्हटलं, ‘गंमत असती तर माझा मुलगाही हसला असता. तुम्ही काय करणार आणि कधीपर्यंत, ते मला लिहून द्या.’ माझ्याही वाक्यात ‘ना’ नव्हता. आठवड्याभरात व्हॅनमध्ये ताई नेमली गेली. मुलांच्या मदतीसाठी असलेल्या चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक त्याला पाठ करायला लावला, आणि स्वतःच्या बचावासाठी मोठ्यांना सांगणं ही चुगली नसते, हेही.

परवा सासूबाईंनी नेहमीसारखी लाडानं हाक मारली, ‘ए बोबडकांद्या, जेवायला ये.’ तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, ‘आजी, मला ते नाव आवडत नाही. माझ्या नावानं हाक माल.’

घरात कुणीच काही बोललं नाही. सासूबाईंनी त्याचं ताट वाढलं, आणि त्याला नावानं हाक मारली.