तबकडीची फाइल कशी बंद करावी

अभिनंदन! अमेरिकी हवाई दलातलं उडत्या तबकड्यांच्या चौकशीचं टेबल आता तुमच्याकडे. घाबरू नका, आभाळाकडे बघत बसायचं काम इथे फारसं नाही. काम आहे ते कागदांचं.

आधी ड्रॉवरमध्ये तीन रबरी शिक्के ठेवा: शुक्र, फुगा आणि दलदल.

शुक्र सर्वांत सोयीचा, कारण तो उलट पत्र पाठवत नाही. ७ जानेवारी १९४८ ला केंटकीच्या आकाशात एका चमकत्या वस्तूमागे झेपावताना कॅप्टन थॉमस मँटेल विमान कोसळून गेले. चौकशीने आधी शुक्राकडे बोट दाखवलं. पुढे कळलं, तो बहुधा नौदलाचा स्कायहूक नावाचा अवाढव्य फुगा होता. पण स्कायहूक गुप्त, इतका की चौकशी करणाऱ्यांनाही पत्ता नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा!

दलदलीसाठी मात्र एखादा शास्त्रज्ञ लागतो. १९६६ मध्ये मिशिगनमधल्या दिव्यांबद्दल खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी पत्रकारांपुढे 'दलदलीचा वायू' असा तर्क मांडला आणि देशभर हसू झालं. तिथले खासदार जेराल्ड फोर्ड यांनी संसदीय चौकशीच मागितली. तेव्हा हा शिक्का जरा बेतानेच मारा.

खुलासा देताना घाई नको. न्यू मेक्सिकोतलं रॉझवेल बघा. ८ जुलै १९४७ ला तिथल्या हवाई तळानेच पत्रक काढलं की तबकडी हाती लागली. काही तासांतच तिचा हवामानाचा फुगा झाला आणि जनरल रेमी गालिच्यावर पसरलेल्या चुरगळलेल्या चंदेरी कागदाशेजारी उकिडवे बसून फोटोत आले. १९९४ मध्ये सांगितलं, तो सोव्हिएत अणुस्फोटांचा कानोसा घेणाऱ्या 'मोगल' प्रकल्पाचा फुगा होता. १९९७ मध्ये तर लोक सांगत होते त्या परग्रहवासीयांच्या मृतदेहांचाही निकाल लावला: ते पॅराशूटने टाकलेले चाचणीचे पुतळे. पुतळे पन्नाशीच्या दशकातले, घटना सत्तेचाळीसची. पण लोकांच्या आठवणीत साल इकडचं तिकडे होतंच की. (पन्नास वर्षं थांबलात तर कुठलाही खुलासा पचतो.)

अवघड जागेचं दुखणं म्हणजे यू-टू. साठ हजार फुटांवरून जाणाऱ्या या हेरविमानाचे चंदेरी पंख मावळतीला लखलखायचे आणि खालच्या प्रवासी विमानांचे पायलट तक्रार नोंदवायचे. तुम्ही सीआयएला गुपचूप विचारायचं, ते वेळापत्रक तपासून 'हो, आमचंच' म्हणणार. मग तक्रारदाराला पत्र लिहायचं, ज्यात खरं कारण सोडून सगळं असेल. अक्षर सुवाच्य असू द्या.

१९६९ ला हवाई दलाने 'ब्लू बुक' हा तबकड्यांच्या चौकशीचा प्रकल्प गुंडाळला तेव्हा १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनुत्तरित उरल्या. त्यांचा वेगळा गठ्ठा बांधा आणि 'राष्ट्रीय सुरक्षेला धोका नाही' असं वर लिहा. काय होतं ते माहीत नाही, पण धोका नाही एवढं नक्की माहीत असतं.

आणि शिक्के भंगारात देऊ नका. अमेरिकी सरकारच्या २०२१ च्या अहवालात अशा १४४ नोंदी होत्या. छडा एकीचाच लागला: हवा गेलेला मोठा फुगा.