चेक इंजिनचा दिवा विझला म्हणून बिघाड गेला असं होत नाही

पावसाळा लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा मधूनच लागत नि जात असेल तर काळजी नको. पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा. नाही गेला तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल १० मिनिटं काढून ठेवा. परत लागला तर ऑक्सिजन सेन्सर बदला. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरच्या नादी लागू नका, त्यात नुसते पैसे जातात. हा सल्ला पाळणारा माणूस बिघाड शोधायचा पुरावा स्वतःच्या हातानं पुसतो, म्हणून त्याला उत्तर देणं भाग आहे.

“आपोआप गेला, म्हणजे काही नव्हतं.” दिवा आपोआप जातो तो ठरलेल्या हिशोबानं. बहुतेक दोष पहिल्यांदा दिसले की ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, कच्ची नोंद करतो आणि लागोपाठच्या दुसऱ्या फेरीत (इंजिन सुरू करण्यापासून बंद करेपर्यंत एक फेरी) तेच दिसले की दिवा लावतो. पुढच्या ३ फेऱ्यांत ती चाचणी पूर्ण होऊन दोष सापडला नाही, तर दिवा विझतो. त्या दोषाचा कोड मात्र मेमरीत राहतो; थंड इंजिन पूर्ण तापण्याची साधारण ४० आवर्तनं दोषाविना झाली, तरच तो निघतो. पुण्यात कोथरूड-हिंजवडी ये-जा दोन-तीन दिवस कोरड्या हवेत झाली की दिवा जातो आणि पुढच्या सरीला परत लागतो. ओल शिरलेला कपलर (वायरींचा जोड) मधल्या काळात कुणी दुरुस्त केलेला नसतो.

“टर्मिनल काढा.” सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्यानं होतं. कोड पडतो त्या क्षणाची स्थिती ईसीएम साठवून ठेवतो. स्कॅनरवर तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. समजा, तिसऱ्या सिलिंडरच्या मिसफायरचा, म्हणजे तिथलं इंधन नीट न पेटण्याचा, कोड पी०३०३ आहे आणि फ्रेममध्ये कूलंट ९० अंश, वेग ४२, आरपीएम २८००, लोड ८५ टक्के दिसतंय. म्हणजे गरम गाडी कात्रजसारख्या चढावर जोर लावताना मिसिंग मारत होती. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल आधी बघा. तोच कोड कूलंट २६ अंश, वेग शून्य असताना पडला असेल, तर पार्किंगमधल्या ओल्या सकाळी प्लगच्या खाचेत पाणी होतं का, हे बघायचं. टर्मिनल काढलं की बऱ्याच गाड्यांत हे आकडे जातात, शिकलेलं फ्युएल ट्रिम (इंधन किती कमी-जास्त सोडायचं याचा हिशोब) जातं आणि ईसीएमनं स्वतःच्या किती चाचण्या पूर्ण केल्या ती नोंद शून्यावर येते. म्हणून आधी कोड आणि फ्रेम दोन्हींचा फोटो, डिलीट त्यानंतर.

पुढची तपासणी फुकटात होते. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर बसवा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली. पी०३०३च राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन. गाडी सीएनजीची असेल तर दिवा कोणत्या इंधनावर लागला ते लिहून ठेवाच. सीएनजी पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे म्हातारा प्लग पेट्रोलवर गप्प बसतो आणि गॅसवर मिसिंग मारतो.

झाकणाचा उपाय अमेरिकेतून आलेला आहे. तिथल्या गाड्या टाकीच्या वाफेची गळती स्वतः तपासतात. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत ती चाचणीच नसते. डिझेल गाडीला तर तो लागूच नाही.

“ऑक्सिजन सेन्सर बदला.” पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतंय. सेन्सर ही बातमी देतो, आणि बहुतेक वेळा खरी देतो. नाना पेठेत सेन्सर घ्यायला जाण्याआधी स्कॅनरच्या लाइव्ह डेटात (चालू इंजिनचे आकडे) शॉर्ट आणि लाँग, म्हणजे तात्पुरत्या आणि शिकलेल्या, फ्युएल ट्रिमची बेरीज बघा. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ती आयडलला +१८ आणि २५०० आरपीएमला +४ असेल, तर इनटेकचा किंवा पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये परत नेणारा) होज फटीतून हवा ओढतोय. उलट आयडलला ठीक आणि जोर लावताना वाढत असेल, तर इंधनाचा दाब मोजा आणि एअरफ्लो सेन्सर साफ करून बघा. इनटेकमधला दाब मोजणाऱ्या एमएपी सेन्सरच्या गाडीत होजची तीच गळती बहुधा आयडलचे आरपीएम वाढवते, तिथे नुसत्या ट्रिमवर जाऊ नका.

मधूनच येणारे बरेच बिघाड सेन्सरपेक्षा वायरिंगमध्ये असतात. उंदरानं कुरतडलेली वायर एका तारेवर टिकलेली असली तरी मल्टिमीटरवर ओहम बरोबर येतात आणि गाडी हादरली की तुटते. म्हणून इंजिन आयडलला ठेवून, पंखा आणि पट्ट्यांपासून हात लांब ठेवत, संशयित कपलर नि हार्नेस वीतभर अंतरानं हलवा आणि दुसऱ्याला लाइव्ह डेटा बघायला सांगा. आकडा जिथे उडी मारेल तिथेच टेप सोडा. बॅटरीचा निगेटिव्ह पोल आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून सेल्फही मारून बघा. आकडा ०.३ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची वायर काढून घासा.

स्कॅनरबद्दलच्या तक्रारीत तथ्य आहे, तेवढं मान्य. कोड वाचून डिलीट करण्याचे पैसे घेणं म्हणजे निदान नव्हे. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये साधा ब्लूटूथ डोंगल लावून ही माहिती मालकालाही वाचता येते. पी१ने सुरू होणाऱ्या, कंपनीच्या स्वतःच्या कोडांचा अर्थ लावायला मात्र कंपनीची माहिती किंवा ते कोड समजणारं मशीन लागतं.

आणि त्या मजकुरात लुकलुकणाऱ्या दिव्याचा शब्दही नाही. पेट्रोल गाडीत दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय आणि आतली जाळी वितळू शकते. ॲक्सिलरेटर सोडा, कडेला घ्या. तरीही थांबला नाही तर इंजिन बंद करून टो बोलवा.