कुंपणाची बाहेरची बाजू

परवा बाजारपेठेतून चालत जाताना माझ्या शर्टाची बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाटली. समोरून खोक्यांनी भरलेली ढकलगाडी आली म्हणून मी कडेला सरकलो, एवढंच निमित्त. थांबून बघितलं तर कुंपणाची जाळी खांबाला आवळणाऱ्या बांधतारेचं टोक होतं. पक्कडीने पीळ देऊन कापलेलं आणि नेमकं फुटपाथकडे तोंड करून बसलेलं. एकच असतं तर सोडून दिलं असतं. प्रत्येक खांबावर चार-चार, अशी रांगच होती.

ही टोकं बाहेर का येतात ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण वीसेक वर्षं मी फॅब्रिकेशनच्याच धंद्यात आहे. जाळी बांधणारा ज्या बाजूला उभा राहतो त्या बाजूला पीळ येतो. आत मालाची थप्पी लागलेली असते, पाय ठेवायला जागा नसते, मग कारागीर फुटपाथवर उभा राहून काम उरकतो. यात कोणाचा दुष्टावा नसतो. मालक आतून बघतो, जाळी ताणलेली दिसते, बिल चुकतं करतो. बाहेरची बाजू कोणी तपासत नाही, कारण ती तपासणारा माणूस त्या व्यवहारात कुठेच नसतो.

बाजारपेठेतल्या कुंपणांवर नियम हवेत की नकोत, हा वाद निघाला की ‘माझी जागा, माझं कुंपण, पालिकेला काय करायचंय’ असं म्हणणारे भेटतात. त्यातले निम्मे माझी गिऱ्हाइकं आहेत, त्यामुळे जरा जपून लिहितोय. जागा तुमची, मान्य. कुंपणाची आतली बाजूही तुमची. बाहेरची बाजू मात्र तुम्ही कधी वापरतच नाही. ती वापरतो रस्ता.

कुंपणाचे कायदे जुने आहेत, पण त्यातले कित्येक जन्माला आले शेजाऱ्यांच्या भांडणातून. सॅन फ्रान्सिस्कोत १८७०च्या दशकात रेल्वेचा धनाढ्य मालक चार्ल्स क्रॉकर याला टेकडीवरचा चार रस्त्यांमधला अख्खा तुकडा हवा होता. निकोलस युंग नावाच्या शेजाऱ्याने आपलं घर विकायला नकार दिला, तर क्रॉकरने त्याच्या घराला तिन्ही बाजूंनी सुमारे ४० फूट उंच लाकडी कुंपण घालून उजेडच तोडला. पुढे १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदाच केला, की शेजाऱ्याला छळायच्या हेतूने ६ फुटांच्या वर विनाकारण उंच कुंपण घातलं तर ते उपद्रव समजलं जाईल. छान झालं. पण या सगळ्यात फुटपाथवरून जाणारा कुठे आहे? शेजारी वर्षानुवर्षं कोर्टात भांडू शकतो. चालणाऱ्याची बाही फाटते, तो चार शिव्या घालतो आणि पुढे जातो. त्याचं आणि त्या कुंपणाचं नातं वीस सेकंदांचं.

त्याची बाजू नियमानेच घ्यायला हवी. आणि इथे माझी नियम करणाऱ्यांवर नाराजी आहे. कित्येक शहरांच्या नियमावल्यांत व्यापारी भागात चेनलिंक जाळीला, म्हणजे तारा एकमेकींत गुंफून केलेल्या साध्या जाळीला, सरसकट बंदी असते, का, तर दिसायला वाईट. नक्षीदार लोखंडी ग्रिल चालतं, विटांची भिंत चालते. म्हणजे आरपार दिसणारी स्वस्त वस्तू बाद आणि महाग भरीव वस्तू पास. काळ्या प्लास्टिकचं आवरण असलेली चेनलिंक चार पावलांवरून जवळजवळ नाहीशी होते, मागचं अंगण, झाड, माणूस सगळं दिसतं. तिला हाकलून सहा फुटांची भिंत आणायची आणि वर म्हणायचं की भाग सुधारला! अशा नियमाचा फटका बसतो तो छोट्या जागेच्या मालकाला. भिंतीसाठी पाया खणावा लागतो, गवंडी लागतो, आणि खांब-जाळीच्या कितीतरी पट खर्च होतो. जाळीचा खरा दोष तिच्या कडांमध्ये आहे. चेनलिंकच्या तारांची टोकं दोन तऱ्हेने संपवता येतात, एकतर वळवून दुमडून, नाहीतर पीळ देऊन टोकदार सोडून. फुटपाथलगत दुमडलेलीच कड हवी आणि बांधतारेचा पीळ आतल्या बाजूला हवा, हे दोन ओळींत लिहिता येतं. पण ‘परिसराच्या सौंदर्याशी सुसंगत’ वगैरे लिहिणं सोपं पडत असावं.

आता माझंच एक पाप सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दुकान-संकुलाचं दर्शनी कुंपण आम्ही केलं. ४० मिमीच्या चौकोनी उभ्या नळ्या, मध्ये ६० मिमी फट. नियम होता की कुंपण किमान निम्मं मोकळं असावं. आमचं ६० टक्के मोकळं होतं, कागदावर एकदम चोख. बसवून झाल्यावर समोर उभा राहून बघितलं, आतल्या दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या. मी खूश.

दोन आठवड्यांनी तिथल्या वॉचमनने मला बोलावून गेटमध्ये उभं केलं. म्हणाला, ‘साहेब, गाडी बाहेर काढणारा जिथून बघतो ना, तिथून बघा.’ बघितलं आणि गार झालो. तिरकं पाहिलं की नळ्या एकमेकींच्या मागे सरकतात आणि फटी मिटत जातात. नंतर कागदावर हिशोब मांडला. ४० मिमी जाडी आणि ६० मिमी फट असेल, तर कुंपणाच्या रेषेशी साधारण ३४ अंशांपेक्षा कमी कोनातून बघणाऱ्याला ती सलग भिंतच दिसते. आणि गेटमधून बाहेर पडणारा चालक फुटपाथवरून येणाऱ्याला नेमका तशा तिरप्या नजरेनेच शोधत असतो. समोरून ६० टक्के, कामाच्या दिशेने शून्य. त्याच ठिकाणी २० मिमीच्या नळ्या १०० मिमी फटीने लावल्या असत्या तर हा कोन ११ अंशांवर आला असता. १०० मिमीच्या वर मात्र जाऊ नये, लहान मुलाचं डोकं अडकतं. कठड्यांच्या नियमांत चार इंचांची मर्यादा असते ती त्याचसाठी.

त्यामुळे ‘इतके टक्के मोकळं’ हा नियम मला अर्धवट वाटतो. मोकळेपणा मोजायचा तर गेटमध्ये उभं राहून मोजा.

गेटच्या दोन्ही अंगांना दृष्टीचा त्रिकोण मोकळा ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. गेटच्या कडेपासून काही फूट फुटपाथच्या रेषेत, तेवढेच आत, आणि त्या तिकोनी जागेत अडीच-तीन फुटांच्या वर काही नको. कल्पना उत्तम, पण ती चालकाच्या डोळ्यांच्या हिशोबाने बेतलेली आहे. अमेरिकेत रस्ते आखताना गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांची उंची १.०८ मीटर धरतात. म्हणजे तीन फुटांच्या भरीव कठड्यावरून त्याला पलीकडचा मोठा माणूस दिसतो. तीन वर्षांचं पोर त्या कठड्याआड जवळजवळ झाकलं जातं. बाबागाडी तर विचारूच नका. त्या त्रिकोणात उंची कमी असून भागत नाही, खालचा भागही आरपार हवा. तिथे कुंडी नको, पाटी नको, आणि ‘तात्पुरतं’ म्हणून बांधलेलं फ्लेक्सही नको. जाळी नियमात बसवून घ्यायची आणि दुसऱ्याच महिन्यात तिच्यावर हिरवं कापड ताणायचं, हा प्रकार तर सर्रास चालतो.

गेटचं तोंडही तितकंच महत्त्वाचं. पल्ला फुटपाथवर उघडला की चालणाऱ्याच्या नाकावर आदळतो, म्हणून आत उघडायला सांगतात. पण बंदिस्त अंगणातून गर्दीने पळायची वेळ आली तर आत उघडणारं गेट लोकांच्या रेट्यानेच बंद राहतं. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि उत्तर एकच आहे, गेट कुंपणाच्या रेषेपासून पल्ल्याच्या रुंदीइतकं आत घ्या आणि बाहेर उघडू द्या. मालक म्हणतात, मीटरभर जागा वाया जाते. जाऊ द्या की.

माझा एक मित्र पांढऱ्या काठीच्या आधाराने चालतो. कुंपण असलं की त्याला बरंच वाटतं, काठी तळाच्या पट्टीला टेकवत सरळ जाता येतं. त्याचा वैरी म्हणजे कंबरेच्या उंचीवर बाहेर आलेली कडी, बिजागरी, कुलपाची पेटी. काठी खालून निघून जाते आणि फासळीत लोखंड बसतं. अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या मानकांत जमिनीपासून २७ ते ८० इंचांच्या पट्ट्यात चालायच्या वाटेवर ४ इंचांपेक्षा जास्त काही पुढे येऊ नये असं आहे. कडी आतून बसवायला आम्हाला दहा मिनिटं जास्त लागतात.

काटेरी तारेबद्दल फार बोलत नाही. इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनने १८७४ मध्ये तिचं पेटंट घेतलं ते गवताळ माळावरची गुरं आवरायला. बाजारपेठेत ती डोक्याच्या वर आणि आतल्या बाजूला झुकवूनसुद्धा मला पटत नाही. चोर जाड गोणपाट टाकून ओलांडतो, ही गोष्ट या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. आडव्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला ठेवणं हा त्याहून मोठा मूर्खपणा, ती आयती शिडीच होते. सपाट, घासलेली बाजू रस्त्याकडे ठेवा असं कित्येक नियमावल्या सांगतात, त्यात मालकाचाच फायदा आहे.

पत्र्याचं मात्र बोलायलाच हवं. बांधकामाभोवती पत्रे लागतात आणि मग तेच कायमचं कुंपण होतं. खाली कापलेली धार, आणि खांब फरशीवर चार बोल्टांत उभे. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात ८ फूट बाय ८ फुटांच्या भरीव पत्र्यावर अडीचशे किलोच्या वर जोर येतो, वेग दुप्पट झाला की चौपट. जाळीतून वारा निघून जातो, पत्र्यातून नाही. तात्पुरत्या पत्र्याला तारखेची मुदत हवी आणि ती पाटीवर लिहिलेली हवी.

आणि भिंत असो की ग्रिल, फुटपाथच्या अगदी कडेला चिकटवू नका. भरीव भिंतीपासून माणूस नकळत हातभर लांब चालतो, तेवढी रुंदी कोणी न वापरताच संपते. हातभर मागे सरका, मध्ये वेल लावा, वाटेल त्या रंगाचं ग्रिल करा. रंगावर, नक्षीवर पालिकेने बोलू नये असंच माझं मत आहे.

त्या संकुलाच्या मालकांकडे मी परत गेलो होतो. गेटच्या दोन्ही बाजूंचं कुंपण कापून बारीक नळ्यांचं करून देतो म्हटलं, मजुरी घेत नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘नियमात आहे का?’ नव्हतं. कुंपण आजही तसंच उभं आहे.

बाही फाडणाऱ्या जाळीशी मात्र काल सकाळी दुकानं उघडायच्या आधी पक्कड घेऊन गेलो आणि सगळी टोकं आत वळवून आलो. अठ्ठावीस होती.